खापराचा चटका, टूथपेस्ट आणि टाकीतलं तापलेलं पाणी

धुळ्याची सून | दुपारी १:४०

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) शुभेच्छा नंतर देते, आधी मदत हवीय. आज आमच्याकडे खापरावरचे मांडे. सासूबाई (वय ६३) मांडा हातावर फिरवून मोठा करून खापरावर टाकत होत्या, तेवढ्यात उजव्या हाताची कोपराखालची बाजू तापल्या खापराच्या कडेला लागली. तर्जनीएवढा लांब आणि दोन बोटं रुंद पट्टा लालभडक झालाय, मध्ये कातडी फुगल्यासारखी दिसतेय. पाऊण तास झाला असेल. शेजारच्या जिजींनी लगेच टूथपेस्ट लावून दिली. आई म्हणतात काही होत नाही, आणि परत चुलीपुढे बसायला निघाल्यात. सणाचा दिवस, आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत. घरी काय करता येईल? नळ चार दिवसांआड येतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी सध्या चहा टाकावा इतकं तापलेलं असतं.

भडगावकर | दुपारी १:४४

पहिले पानी, मंग बठ्ठं.

निवृत्त सिस्टर | दुपारी १:४७

ताई, आधी एवढं करा, बाकीचं नंतर वाचा.

त्यांना चुलीपासून उठवून सावलीत बसवा. हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी आत्ताच काढा, तासाभराने सूज आली की निघणार नाहीत. मग भाजलेल्या जागेवर गार पाण्याची धार, सलग २० मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट त्या धारेनेच जाऊ द्या, बोटाने किंवा फडक्याने खरवडू नका.

पाऊण तास होऊन गेला म्हणून आता काय उपयोग, असं मनात आणू नका. भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी लावलं तरी फायदा होतो. वरची कातडी हाताला गार लागते, पण आतल्या थरात उष्णता साठलेली असते आणि ती आत आत भाजत जाते. ती बाहेर काढायला वेळ लागतो. म्हणून २० मिनिटं. दोन मिनिटं पाण्याखाली धरून 'झालं बरं' म्हणून उठायचं नाही.

टाकीचं पाणी अजिबात नको. माठाचं घ्या. बारीक धार मिनिटाला साधारण लिटरभर धरली तर २० लिटर लागतं, म्हणजे मोठी बादलीभर. एकाने तांब्याने धार धरायची, खाली घमेलं ठेवायचं, पाणी झाडांना जाईल. माठात तेवढं नसेल तर पसरट पातेल्यात माठाचं पाणी घेऊन हात बुडवून ठेवा आणि कोमट लागलं की बदला. धारेइतकं चांगलं नाही, पण चालतं. आज घरोघरी घागर भरलेली असेल, ती पितरांची राहू द्या, प्यायच्या माठाचं घ्या.

बर्फ नको. फ्रिजमधली बाटली थेट टेकवायची नाही. बर्फाने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेल्या कातडीला वरून गारठ्याचीही इजा होते.

केळीवाला | दुपारी १:५०

माठ कमी पडला तर पितरांच्या घागरीचंही घ्या हो. सुनेने सासूच्या हातावर पाणी ओतलं म्हणून कोणते पितर रागावतील?

धुळ्याची सून | दुपारी १:५८

धार चालू आहे. दीर ओततोय, मी एका हाताने टाइप करतेय. पाटली निघाली. काचेच्या बांगड्या निघत नाहीत आणि सणाच्या दिवशी बांगडी वाढवायची नाही म्हणून आई हटून बसल्यात. काय करू?

निवृत्त सिस्टर | दुपारी २:०१

वाढवू नका, काढा. कासार करतात तसं करा. पंजावर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, अंगठा आत दुमडायला सांगा, पिशवीवर साबणाचं पाणी लावा आणि एकेक बांगडी सरकवा. हात हृदयाच्या वर उचलून धरला तर सूज थोडी उतरते. पाण्याची धार मात्र थांबवू नका. एवढं करूनही अडली आणि बोटं सुजायला, निळसर पडायला लागली, तर मग सण बघायचा नाही.

आणि एक सांगा, त्यांना शुगर आहे का?

आबा | दुपारी २:०५

पोरांनो, एवढा बाऊ कशाला? आमच्या घरात अख्खं आयुष्य चूल होती. भाजलं की आमची आई तूप लावायची, नाहीतर शाईची दौत उपडी करायची. कोणी कणकेचा गोळा थापायचं, कोणी बटाटा किसून बांधायचं. आठ-दहा दिवसांत हात मोकळा. आता तुमचं पाणी, पिशवी आणि घड्याळ!

निवृत्त सिस्टर | दुपारी २:१२

आबा, नमस्कार. आठ-दहा दिवसांत हात मोकळा व्हायचा, हे अगदी खरं. वरवरचं भाजणं तसंही आठ-दहा दिवसांत भरून येतं, फोड आलेलं दोन-तीन आठवड्यांत. शाई लावा, तूप लावा, नाहीतर काहीच लावू नका. श्रेय मात्र दौतीला मिळायचं.

तूप लावलं की उष्णता आत कोंडते. शाई लावली की खाली लाल आहे, पांढरं आहे की काळं, हे डॉक्टरला दिसत नाही. भाजणं किती खोल गेलंय हे रंगावरून आणि दुखण्यावरून ठरतं. सिव्हिलला वॉर्डात असताना हळद, टूथपेस्ट, राख, सगळं धुऊन काढायचं काम आमच्याकडेच असायचं, आणि ते काढताना माणूस भाजताना ओरडला नसेल इतका ओरडायचा. शाईचं तुम्ही सांगितलं म्हणून आठवलं, निळ्या हाताची मुलं यायची आमच्याकडे.

आबा | दुपारी २:१५

बरं बाई, शाई गेली. तुपाचं अजून मनाला पटत नाही.

धुळ्याची सून | दुपारी २:२४

२० मिनिटं झाली. आग बरीच कमी म्हणतात. बांगड्या पिशवीने निघाल्या, एकही फुटली नाही. सिस्टर, हा धागा सासूबाईंना वाचून दाखवतेय, त्या तुम्हाला आशीर्वाद देताहेत. आता मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा फोड आलाय, आत पिवळसर पाणी. सुईने फोडून टाकू का? आणि हो, शुगर आहे. गोळी चालू आहे.

निवृत्त सिस्टर | दुपारी २:३१

फोड फोडायचा नाही. त्यावरची कातडी म्हणजे घरचीच निर्जंतुक पट्टी, तिच्यापेक्षा चांगली मेडिकलवर मिळत नाही. आपोआप फुटला तर साध्या स्वच्छ पाण्याने धुवायचं, वर न चिकटणारी जाळी आणि सैल बँडेज. कापूस थेट लावायचा नाही. तोपर्यंत स्वयंपाकघरातली स्वच्छ, पातळ प्लास्टिकची फिल्म असेल तर तिचा तुकडा लांबीच्या दिशेने अलगद ठेवा, हाताभोवती गुंडाळू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी चालेल, लिव्हरचा त्रास नसेल तर.

आता शुगरचं. हीच जखम तुम्हाला झाली असती तर घरी बसा म्हटलं असतं. त्यांना तसं म्हणणार नाही. साठी उलटलेली, शुगर आहे, फोड आलाय. नेहमीचे डॉक्टर नसतील तर दुसरे, नाहीतर सरकारी दवाखाना, पण संध्याकाळपर्यंत एकदा दाखवा. धावपळ नको, रिक्षाने सावकाश जा. शुगरमध्ये जखम उशिरा भरते आणि आतून बिघडत असली तरी दुखतेच असं नाही. 'दुखत नाही' ही त्यांच्याबाबतीत चांगली बातमी धरू नका.

मेडिकलवाला | दुपारी २:४०

काउंटरवरून लिहितोय, गिऱ्हाईक आलं की थांबेन.

भाजलं की लोक 'ती जळल्याची पांढरी ट्यूब' मागतात. त्यात सिल्व्हर सल्फाडायझिन असतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त खपते तीच, तरी सांगतो, लहानशा चटक्याला तिची गरज नसते. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती द्यायचीच नाही, दिवस भरत आलेल्या बाईलाही नको. शिवाय तिचा पांढरा थर बसतो आणि पुन्हा तेच, डॉक्टरला जखम दिसत नाही. आत्ता दाखवायला जाताय, तर काहीच न लावता जा.

मागायचंच असेल तर पॅराफिन गॉज मागा. जाळीदार, मेणचट पट्टी असते, जखमेला चिकटत नाही, बदलताना कातडी ओढली जात नाही. घरात दोन पाकिटं असू द्यावीत. महाग नाही, पण कोणी मागतच नाही.

केळीवाला | दुपारी २:५५

आमच्या रावेरकडे भाजलेल्यावर केळीचं पान बांधतात. आता सिस्टर ओरडतील म्हणून घाबरत लिहितोय.

निवृत्त सिस्टर | दुपारी ३:०३

नाही ओरडत. यात तथ्य आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली भाजण्यावरच्या एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना दुखत नाही. शिवाय स्वस्त. त्याच्या आधी बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टीही मुंबईतच वापरली गेली होती. म्हणजे आबांचा किसलेला बटाटा नाही, पण जवळपास.

आता तुमच्यासाठी मेख. ती पानं गॉजवर चिकटवून, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून वापरली होती. तुमच्या बागेतल्या पानावर फवारणी असते, धूळ असते, पक्ष्यांची घाण असते. तसलं पान फुटलेल्या फोडावर बांधलंत तर मी खरंच ओरडेन.

केळीवाला | दुपारी ३:०६

मान्य. पण रावेरच्या पानाचं नाव मुंबईच्या डॉक्टरांनी काढलं, एवढं तर म्हणू द्या भो.

भरीतपार्टी | दुपारी ३:१०

विषय थोडा वेगळा, पण चटक्याचाच. भरतासाठी हिरव्या मिरच्या ठेचल्या की हातांची रात्रभर आग होते. पाण्याने कितीही धुवा, जात नाही.

मेडिकलवाला | दुपारी ३:१४

जाणार कशी? तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आधी हाताला खायचं तेल चोळा, मग भांड्याचा साबण, मग पाणी. दोनदा करा. तोपर्यंत डोळ्याला हात नाही. आणि पुढच्या वेळी तेल लावूनच बसा.

कापूसकोंडा | दुपारी ३:३०

भाजण्याचं झालं, आता कापण्याचं सांगा. कापसाला भाव नाही म्हणून आमच्या दोन खोल्या अजून कापसाने भरलेल्या आहेत. विळ्याने नाहीतर विळीवर बोट कापलं की घरातलं कोणीही उठतं, ढिगातून मूठभर ओढतं, जखमेवर दाबतं. वर हळद. रक्त थांबतं पण.

निवृत्त सिस्टर | दुपारी ३:४१

थांबतं ते दाबल्यामुळे. तुम्ही स्वच्छ रुमाल दाबला असता तरी थांबलं असतं, आणि नंतर चिमट्याने तंतू वेचत बसावं लागलं नसतं. ढिगातला कापूस म्हणजे माती, पाल्याचा चुरा, सरकीची कूस आणि फवारणीचा अंश. ओल्या जखमेत तो रुततो, आत राहिलेला तंतू पू धरतो.

असं करा. धुतलेलं सुती फडकं किंवा गॉज जखमेवर ठेवा, तळव्याने घट्ट दाबा, हात वर उचला, आणि १० मिनिटं सोडायचं नाही. मध्येच 'बघू थांबलं का' म्हणून उचलून बघायचं नाही. उचललं की धरत आलेली गुठळी निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. रक्त थांबल्यावर नळाच्या पाण्याने आणि साबणाने धुवा, पट्टी लावा. डेटॉल बाटलीतून थेट ओतणारे पुष्कळ आहेत. झोंबतंय म्हणजे काम करतंय असं त्यांना वाटतं, पण जंतूंबरोबर भरून येणारी ताजी कातडीही त्यात मरते.

१०-१५ मिनिटं दाबूनही रक्त वाहत असेल, जखम तोंड उघडून उभी असेल, बोट वाकत नसेल किंवा पुढचा शेंडा बधिर असेल, तर टाके किंवा त्याहून जास्त काही लागेल. निघायचं. रक्त उसळून येत असेल तर दाबत दाबतच १०८ ला फोन.

पुण्यात अडकलेला जळगावकर | दुपारी ४:०५

प्रत्येक खरचटण्याला टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) घ्यायचं का? माझे वडील वर्षातून दोनदा घेतात. गंजलेला खिळा दिसला तरी घेतात.

मेडिकलवाला | दुपारी ४:१२

वर्षातून दोनदा काही गरज नाही. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. लहानपणीचे डोस आणि मग १० व १६ वर्षांचे डोस झालेले असतील तर पुढे दर १० वर्षांनी एक पुरतो. जखम मातीची, शेणाची, खोल टोचलेली किंवा भाजल्याची असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर घ्यावा. गंजाशी भांडण नाही, भांडण मातीशी आणि शेणाशी आहे. धनुर्वाताचे बीजाणू तिथे असतात. म्हणून जखमेवर माती किंवा शेणाची राख लावणं हा सगळ्यात वाईट उपाय.

आमच्याकडचा खरा घोळ वेगळाच आहे. बायकांना गरोदरपणात डोस मिळतात, त्यामुळे त्यांची निदान काहीतरी नोंद असते. शेतात राबणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषाला विचारा शेवटचा डोस कधी, तर 'शाळेत घेतला होता' म्हणतो, आणि शाळा चौथीत सुटलेली असते. तुमचे वडील जरा जास्त घेतात, पण त्या माणसापेक्षा बरे.

आखाजीची माहेरवाशीण | दुपारी ४:२०

माझ्या बहिणीच्या पोराच्या, वय दीड वर्ष, छातीवर आत्ता गरम दूध सांडलंय. पाणी ओतताहेत. सदरा काढायचा का?

निवृत्त सिस्टर | दुपारी ४:२१

कातडीला चिकटला नसेल तर लगेच काढा, ओल्या गरम कपड्याने भाजणं चालूच राहतं. चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. धार भाजलेल्या जागेवरच, बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळा, एवढंसं लेकरू गारठून जातं. आणि पाणी चालू असतानाच गाडी बोलवा. हे घरी करायचं नाही. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. छातीवर सांडलेलं दूध तेवढ्यात थांबत नाही. लहान मूल, चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, जांघ, विजेचा किंवा अ‍ॅसिडचा चटका, यातलं काहीही असलं तर घरगुती उपायांचा धागा बंद करून दवाखाना.

आखाजीची माहेरवाशीण | दुपारी ४:२३

निघालो.

धुळ्याची सून | सायंकाळी ५:५०

दाखवून आलो. डॉक्टरांनी फोडाला हात लावला नाही, वर जाळी आणि सैल पट्टी, टीडी दिलं, परवा ड्रेसिंग. काहीच न लावता आणलं हे बरं केलं म्हणाले. शुगर तपासली तर बरीच वाढलेली निघाली, त्यावरून सासूबाईंना वेगळी बोलणी बसली. जिजींनाही सांगून आले, त्यांच्या घरीही टूथपेस्टचाच रिवाज आहे.

लालसर डाग राहील का?

निवृत्त सिस्टर | सायंकाळी ६:०२

काही महिने काळपट-लालसर दिसेल. भरून आल्यावर त्या जागेवर ऊन लागू देऊ नका, पूर्ण बाहीचं ब्लाऊज घाला, नाहीतर आपल्या उन्हात डाग गडद होतो. आधी कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली कडेने पसरायला लागली, वास आला किंवा ताप आला तर परवाची वाट पाहायची नाही.

आबा | सायंकाळी ६:१०

सूनबाई, शाबास. त्या लेकराचं काय झालं तेवढं कोणीतरी कळवा.

नंदुरबारचा मास्तर | सायंकाळी ६:४५

वडिलांच्या पायात मागच्या आठवड्यात बाभळीचा काटा गेला. त्यांनी स्वतःच सुईने कोरून काढला, वर गरम तेलाचा चटका दिला. आता टाचेच्या वर सुजलंय, पण दुखत नाही म्हणतात. त्यांनाही शुगर आहे. वरचं वाचून लिहावंसं वाटलं. उद्या सकाळी नेऊ की सोमवारी?

निवृत्त सिस्टर | सायंकाळी ६:५१

मास्तर, सोमवार नाही आणि उद्याही नाही, आत्ता न्या. शुगरच्या माणसाच्या पायाची सूज आणि वर दुखत नाही, हे दोन्ही एकत्र आलं की थांबायचं नसतं. न्याल तेव्हा चालवत नेऊ नका.

आणि डॉक्टरांना 'पाय सुजलाय' एवढंच सांगू नका, बाभळीचा काटा गेला होता आणि घरी कोरून काढला, हे आवर्जून सांगा. काट्याचं टोक आत मोडून राहतं, आणि लाकडाचा तुकडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. काट्याचं सांगितलं नाहीत तर एक्स-रे चांगला आहे म्हणून नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवतील.

नंदुरबारचा मास्तर | सायंकाळी ६:५४

रिक्षा बोलावली. मधल्या वेळात पायाला काही लावू का?

निवृत्त सिस्टर | सायंकाळी ६:५५

काही नाही. साध्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडकं गुंडाळा आणि पाय सीटवर वर ठेवा. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.